आठ जीबी शाबूत, अडीच एमबी गायब: न उघडणाऱ्या एका एमपी४ फाइलचं प्रकरण

मैत्रिणीचा फोन रात्री उशिरा आला. "अरे, फाइल कार्डावर दिसतेय. ८.१ जीबीची आहे. मग उघडत का नाही?" आवाजावरूनच कळलं की फाइल साधीसुधी नाही.

तिने आईच्या मावशींची मुलाखत रेकॉर्ड केली होती. मावशीआजी ८६ वर्षांच्या. घरातल्या चार पिढ्यांच्या हकिगती सलग सांगू शकतील अशा त्या एकट्याच उरल्या आहेत, आणि एवढा वेळ पुन्हा बसून बोलणं त्यांना झेपलं नसतं. कॅमेरा ॲडॉप्टरवर चालू होता, आत बॅटरी नव्हती. २ तास १२ मिनिटं सगळं सुरळीत चाललं, आणि मग कुणाचा तरी पाय वायरीत अडकून प्लग निघाला. 'स्टॉप'चं बटण दाबायला वेळच मिळाला नाही.

मला फोन करण्याआधी तिने दोन-तीन प्लेअर वापरून पाहिले होते, फाइलचं एक्स्टेन्शन एमपी४चं एमओव्ही करून पाहिलं होतं, आणि एका कन्व्हर्टरमध्येही फाइल टाकली होती. प्लेअरनी 'फाइल खराब आहे' एवढंच सांगितलं. कन्व्हर्टरने मात्र एक ओळ दाखवली: 'मूव्ह ॲटम सापडला नाही.' तिला त्या ओळीचा काही बोध झाला नाही. मला मात्र निदान तिथेच मिळालं.

एक गोष्ट तिने अगदी योग्य केली होती. कार्ड बाहेर काढल्यावर ते परत कॅमेऱ्यात घातलं नव्हतं. अशा वेळी कार्डावर एक मिनिटाचं नवं रेकॉर्डिंग केलं तरी जुन्या बाइटांवर नवे बाइट बसू शकतात. त्यामुळे सगळ्यात आधी आम्ही पूर्ण कार्डाची बाइट-न्-बाइट प्रतिमा घेतली, कार्ड पाकिटात घालून बाजूला ठेवलं आणि पुढचं सगळं काम त्या प्रतिमेच्या प्रतीवर केलं. फाइलचा आकार ८.१ जीबी दिसत होता, हे सुचिन्ह होतं. अशा अपघातात कधीकधी आकार शून्य दिसतो. तेव्हा आधी कार्डाच्या मोकळ्या दाखवलेल्या जागेतून डेटा उपसावा लागतो, आणि ते काम याहून कितीतरी किचकट असतं.

नाव एक, आत दोन वेगळ्या गोष्टी

एक्स्टेन्शन बदलून फाइल का उघडली नाही, हे तिला समजावताना सुरुवात इथूनच करावी लागली. 'एमपी४' हे चित्र किंवा आवाज साठवण्याच्या पद्धतीचं नाव नाही. चित्र किंवा आवाज दाबून लहान करण्याची पद्धत म्हणजे कोडेक. तिच्या फाइलमध्ये चित्रासाठी एच.२६४ होतं आणि आवाजासाठी एएसी. या दोन कोडेकांनी तयार केलेले तुकडे एका फाइलमध्ये कसे रचायचे, कुठला तुकडा कुठल्या क्षणी दाखवायचा आणि चित्र-आवाजाचा मेळ कसा राखायचा, हे ठरवतो तो कंटेनर. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही, एव्हीआय ही सगळी कंटेनरची नावं.

हेच एच.२६४चं चित्र एमपी४मध्ये बसतं, एमकेव्हीमध्ये बसतं, टीव्ही प्रक्षेपणाच्या टीएसमध्येही बसतं. चित्र तेच, मांडणी वेगळी. एक्स्टेन्शन बदललं की दारावरची पाटी तेवढी बदलते. बहुतेक प्लेअर पाटीकडे फारसं बघतही नाहीत, ते फाइलचे सुरुवातीचे बाइट वाचून आत काय आहे ते ओळखतात. शिवाय एमपी४ आणि एमओव्ही हे सख्खे नातेवाईक आहेत. ॲपलने १९९१मध्ये क्विकटाइम आणलं, त्याच्या फाइलची रचना पुढे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक-संस्थेच्या माध्यम-फाइलच्या मानकाचा पाया ठरली आणि एमपी४ त्यावरच उभं राहिलं. त्यामुळे एकाचा आजार दुसऱ्याचं नाव दिल्याने बरा होणार नव्हता.

फाइल उघडून पाहिली तेव्हा

फाइलचे कच्चे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये फाइल उघडली. एमपी४ची रचना खरं तर अगदी शिस्तीची असते. सगळी फाइल म्हणजे एकामागोमाग ठेवलेल्या पेट्या. प्रत्येक पेटीचे पहिले ४ बाइट तिचा आकार सांगतात आणि पुढचे ४ बाइट तिचं नाव. काही पेट्यांच्या पोटात आणखी पेट्या असतात. जुन्या परिभाषेत या पेटीला 'ॲटम' म्हणत, म्हणून कन्व्हर्टरच्या त्या ओळीत तो शब्द आला.

पहिले ४ बाइट होते ०० ०० ०० २०. हेक्समधलं, म्हणजे सोळाच्या पायावर मोजलेलं २० म्हणजे आपले ३२. पुढचे ४ बाइट ६६ ७४ ७९ ७०, म्हणजे 'एफटीवायपी'. ही ओळखपत्राची पेटी, फाइल कुठल्या घराण्यातली आहे ते सांगणारी. ३२ बाइट पुढे गेल्यावर दुसरी पेटी लागली. आकाराच्या जागी ०० ०० ०० ०१, नाव ६डी ६४ ६१ ७४, म्हणजे 'एमडॅट'. इथे आकार १ लिहिलेला असणं ही खूण आहे: पेटी फार मोठी आहे, चार बाइटांत तिचा आकार मावत नाही, खरा आकडा नावापुढच्या ८ बाइटांत पाहा. ते ८ बाइट पाहिले तर आठही शून्य.

त्या शून्यांपाशी मी जरा थांबलो. कॅमेऱ्याने आकड्यासाठी जागा राखून ठेवली होती आणि रेकॉर्डिंग संपल्यावर परत येऊन तो भरायचा बेत होता. तो क्षण आलाच नाही.

त्यानंतर फाइलच्या शेवटापर्यंत सगळा एमडॅटचाच ऐवज होता, म्हणजे चित्राचे आणि आवाजाचे दाबलेले तुकडे. शेवटी 'मूव्ह' नावाची जी पेटी यायला हवी होती, तीच नव्हती. मूव्ह म्हणजे या साऱ्या ऐवजाची अनुक्रमणिका. तिच्यात अनेक तक्ते असतात. एका तक्त्यात प्रत्येक फ्रेम, म्हणजे चित्रफितीतलं एकेक स्थिर चित्र, किती बाइटांची आहे ते असतं. दुसऱ्यात तुकड्यांचे गठ्ठे फाइलमध्ये नेमके कितव्या बाइटला सुरू होतात ते, तिसऱ्यात प्रत्येक फ्रेम किती वेळ दाखवायची ते, आणि चौथ्यात पुढे-मागे उडी मारायची तर कुठल्या फ्रेमपासून सुरुवात करता येईल ते. याशिवाय दाबलेले तुकडे उलगडणाऱ्या डिकोडरला हवी असलेली मूळ माहितीही मूव्हमध्येच असते. चित्र किती रुंद, किती उंच, कुठल्या रीतीने दाबलेलं, हे सगळं.

रेकॉर्डिंग सेकंदाला २५ फ्रेमच्या वेगाने ७,९२० सेकंद चाललं होतं, म्हणजे १,९८,००० फ्रेम. एएसीच्या एका तुकड्यात आवाजाचे १,०२४ नमुने असतात. ४८,००० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने घेतले की, सेकंदाला ४६.८७५ तुकडे होतात, म्हणजे एकूण ३,७१,२५०. प्रत्येकाचा आकार लिहायला ४ बाइट लागतात. गठ्ठ्यांचे पत्ते आणि बाकीचे तक्ते धरून ही अनुक्रमणिका झाली असती सुमारे अडीच एमबीची. ८.१ जीबीतली अडीच एमबी, म्हणजे दहा हजारांतले तीन भाग. मुलाखत जवळजवळ पूर्ण कार्डावर होती. ती कुठे सुरू होते आणि कुठे तुटते, हे सांगणारा कागद तेवढा लिहायचा राहिला होता.

अनुक्रमणिका शेवटीच का लिहितात, हा प्रश्न मैत्रिणीने लगेच विचारला, आणि विचारायलाच हवा होता. कारण सरळ आहे. रेकॉर्डिंग किती चालणार हे कॅमेऱ्याला सुरुवातीला माहीत नसतं. त्यामुळे तक्ते किती मोठे होतील तेही माहीत नसतं, आणि आधी जागा किती राखायची ते ठरवता येत नाही. म्हणून सगळे आकडे कॅमेऱ्याच्या स्मृतीत साठत राहतात आणि बटण दाबलं की एकदम कार्डावर उतरतात. वीज गेली की स्मृती पुसली जाते.

मोडीसारखी ओळ

आता कुणी म्हणेल, तक्ते गेले तर गेले, तुकडे तर आहेत, ते एकेक करून ओळखावेत. इथे एमपी४ची एक सवय आडवी येते.

टीव्हीच्या प्रक्षेपणात एच.२६४ पाठवतात तेव्हा प्रत्येक तुकड्याआधी ०० ०० ०१ अशी ठरावीक खूण असते. मधूनच वाचायला लागलात तरी पुढची खूण सापडते आणि वाचन सुरू होतं. एमपी४मध्ये ही खूण नसते. त्याऐवजी तुकड्याची लांबी लिहिलेली असते, आणि ती बहुधा ४ बाइटांत. लांबी बरोबर वाचली तर पुढच्या तुकड्यावर अचूक उडी बसते. एकदा चुकली की पुढचं सगळंच चुकतं.

मोडी लिपी वाचायला शिकलेल्यांना हे लगेच कळेल. मोडीत आधी शिरोरेघ ओढून घेत आणि मग एका ओघात लिहीत जात, शब्दाशब्दांत जागा न सोडता. मजकूर सगळा समोर असतो, पण शब्द कुठे तोडायचा ते वाचणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. एमडॅट ही तशीच एक सलग ओळ होती, आठ जीबी लांबीची.

मी सुरुवात हाताने करून पाहिली. एमडॅटच्या मथळ्यानंतरचे ४ बाइट ०० ०१ ए४ २एफ. दशमानात १,०७,५६७. पुढचा बाइट ६५. एच.२६४मध्ये ६५ ही स्वतंत्रपणे उलगडता येणाऱ्या पूर्ण फ्रेमची खूण, तेव्हा लाखभर बाइटांचा आकार पटण्यासारखा होता. १,०७,५६७ बाइट पुढे उडी मारली तर ०० ०० ८बी १सी, म्हणजे ३५,६१२, आणि त्यामागे ४१. ही आधीच्या फ्रेमवर अवलंबून असणारी फ्रेम, आकाराने तिप्पट लहान. पुन्हा उडी, पुन्हा ४१. पहिल्या अकरा उड्या बरोबर बसल्या, आणि प्रत्येक वेळी जीव थोडा भांड्यात पडत गेला.

बाराव्या उडीनंतर समोर आलं २१ १ए ४एफ ५४. लांबी म्हणून वाचलं तर ५५ कोटींहून जास्त बाइट. एक फ्रेम एवढी मोठी असूच शकत नाही. चित्राचा बारा फ्रेमचा गठ्ठा संपून आवाजाचा गठ्ठा सुरू झाला होता. या फाइलमध्ये बारा फ्रेम चित्र, मग तेवढ्याच वेळाचा आवाज, मग परत बारा फ्रेम, अशी वीण होती.

आवाजाची अडचण चित्राहून मोठी. एएसीच्या तुकड्याआधी एमपी४मध्ये लांबीही नसते आणि खूणही नसते. लांबी फक्त मूव्हमधल्या तक्त्यात, आणि तक्ता तर नाही. मग एकच उपाय उरतो. डिकोडरला तुकडा वाचायला द्यायचा आणि त्याने किती बाइट खाल्ले ते पाहायचं. जिथे तो थांबला तिथे पुढचा तुकडा सुरू होतो, असं धरायचं. हे साडेतीन लाखांहून जास्त वेळा.

नमुन्याची फाइल

एवढं काम हाताने होत नाही, आणि सुदैवाने ते करणारं मोफत साधन आहे. त्याचं नाव अनट्रंक. त्याला दोन फाइली द्याव्या लागतात, एक मोडलेली आणि एक त्याच कॅमेऱ्याने त्याच सेटिंगवर घेतलेली धडधाकट. दुसरी कशाला? कारण चित्र उलगडण्याची मूळ माहिती मूव्हसोबत गेलेली असते. चित्राचे तुकडे सगळे मिळाले तरी ते कुठल्या मापात, कुठल्या रीतीने उलगडायचे ते डिकोडरला कळत नाही. धडधाकट फाइलच्या मूव्हमधून ती माहिती उसनी घ्यायची.

मैत्रिणीने मुलाखतीआधी घेतलेला एक मिनिटाचा चाचणी-तुकडा पुसून टाकला होता. म्हणून दुसऱ्या कार्डावर नवा नमुना घेतला. साधन चालवलं. सव्वादोन तासांची फाइल तयार झाली, कालावधी बरोबर, आणि उघडली तर पडद्यावर करड्या-हिरव्या पट्ट्यांचा चिखल. मैत्रीण काही बोलली नाही. खुर्ची मागे सरकवून नुसती बसून राहिली.

चूक नमुन्यात होती. मुलाखत '२५ पी'वर घेतली होती, म्हणजे प्रत्येक फ्रेम अखंड. नमुना घेताना कॅमेऱ्याचा मोड फिरला होता आणि तो '५० आय'वर गेला होता, म्हणजे एका फ्रेमच्या विषम आणि सम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या. दोन्हींत चित्राचं माप तेच. पण एच.२६४मध्ये ओळी अशा विभागून येऊ शकतात असं मूळ माहितीत लिहिलेलं असलं, की प्रत्येक तुकड्याच्या मथळ्यात त्याबद्दलचा एक बिट जास्तीचा अपेक्षित असतो. आमच्या तुकड्यांत तो बिट नव्हता. डिकोडर मात्र तो आहे असं धरून वाचत होता, म्हणजे मथळ्यापासून पुढचं सगळं एका बिटाने सरकलेलं. एका बिटाच्या सरकण्याने चेहऱ्याचा चिखल होतो, हे मी वाचलेलं होतं. डोळ्यांनी पाहिलं ते त्या रात्री.

कॅमेरा '२५ पी'वर आणून, गुणवत्तेचं सेटिंगही तेच आहे ना हे तपासून दुसरा नमुना घेतला. या वेळी फाइल उघडली आणि मावशीआजी समोर बसलेल्या दिसल्या. पदर सावरत विचारत होत्या, "चालू झालं का गं?"

आणखी एका बाबतीत नशीब बलवत्तर होतं. काही कॅमेरे जास्त दाबण्यासाठी पुढच्या फ्रेमचाही आधार घेणाऱ्या फ्रेम वापरतात. मग साठवण्याचा क्रम वेगळा आणि दाखवण्याचा वेगळा, आणि तो दुसरा क्रम सांगणारा तक्ताही मूव्हमध्येच असतो. या कॅमेऱ्याने तशा फ्रेम वापरल्या नव्हत्या. वापरल्या असत्या तर क्रम जुळवायचं काम वेगळं करावं लागलं असतं.

ओठ आणि आवाज

पहिला तास निर्दोष वाटला. फाइल पुढे सरकवत शेवटी आलो तर आवाज ओठांच्या आधी ऐकू येत होता. मोजलं, फरक १.२ सेकंदांचा.

कोडेक, कंटेनर, तक्ते या सगळ्याचा उपयोग इथे झाला. फरक हळूहळू वाढत गेला असता तर वेग चुकला असं म्हटलं असतं आणि आवाज थोडा ताणून बसवला असता. घाईत बहुतेक लोक तेच करतात. पण अनट्रंकने आवाजाचे तुकडे ओळखताना काही गमावले असतील तर फरक ठरावीक जागी एकदम पडायला हवा. बारा फ्रेम म्हणजे ४८० मिलिसेकंद, आणि एएसीचा तुकडा २१.३३ मिलिसेकंदांचा. म्हणजे चित्राच्या प्रत्येक गठ्ठ्यामागे आवाजाचे २२ किंवा २३ तुकडे यायला हवेत. फाइलच्या नव्या तक्त्यातून प्रत्येक गठ्ठ्याची मोजदाद काढली. जवळपास १६,५०० गठ्ठ्यांपैकी तीनच असे निघाले की ज्यात तुकडे कमी होते. एकात १९ कमी, एकात २१, एकात १७. एकूण ५७. ५७ला २१.३३ने गुणलं की १,२१६ मिलिसेकंद येतात. फरक दशांशापर्यंत जुळला.

तीनही ठिकाणी डिकोडर आवाजाच्या तुकड्यात अडखळला होता आणि साधनाने गठ्ठ्यातला उरलेला भाग सोडून दिला होता. तिथे तेवढ्याच लांबीची शांतता भरली, आणि आवाज शेवटपर्यंत ओठांवर बसला. दोन जागी मावशीआजी श्वास घ्यायला थांबल्या होत्या, तिथे काहीच गेलं नाही. तिसऱ्या जागी एका गावाचं नाव अर्धं तुटलं. ते ओठांच्या हालचालीवरून कळतं.

जाता जाता आणखी एक गोष्ट दिसली. दुरुस्त फाइलची रेकॉर्डिंगची तारीख मुलाखतीच्या दिवसाची नव्हती, नमुना घेतला त्या दिवसाची होती, कारण मूव्ह उसनी त्याची. एमपी४मध्ये तारीख १ जानेवारी १९०४पासूनच्या सेकंदांत लिहितात. तीही खरी करून घेतली. वीस वर्षांनी कुणी ही फाइल पाहिली तर तारीख चुकीची दिसायला नको.

पेटी बदलणं आणि पुन्हा दाबणं

मैत्रिणीला दोन प्रती हव्या होत्या, एक जपून ठेवायला आणि एक नातेवाइकांना पाठवायला. तिने विचारलं, "आता ही कन्व्हर्ट करायला किती तास लागतील?"

कन्व्हर्ट हा शब्द फसवा आहे. त्याच्या पोटात दोन अगदी वेगळी कामं असतात. एक म्हणजे चित्र उलगडून पुन्हा नव्याने दाबणं. याला तास लागतात आणि दर खेपेला चित्राचा थोडा कस जातो. दुसरं म्हणजे तुकडे जसेच्या तसे उचलून नव्या कंटेनरमध्ये मांडणं, ज्याला रीमक्स म्हणतात. यात फ्रेमला हात लागत नाही. वेळ लागतो तो फाइल एका जागेहून दुसरीकडे कॉपी करायला लागतो तेवढाच. एफएफएमपेग या मोफत साधनाला 'कॉपी' म्हणून सांगितलं की ते हेच करतं. लोक रीमक्सने भागणारं काम पुन्हा दाबून करतात आणि घरातली एकुलती एक चित्रफीत विनाकारण मळवतात, हे पाहिलं की मला वाईट वाटतं. आधी विचारावं: माझा प्लेअर आतला कोडेक वाचू शकतो का? वाचू शकत असेल तर पेटी बदलणं पुरतं.

पाठवायची प्रत एमपी४च ठेवली, फक्त मूव्ह पेटी शेवटून उचलून सुरुवातीला आणली. इंटरनेटवरून पाहताना याचा फरक पडतो. अनुक्रमणिका आधी मिळाली की ब्राउझर लगेच दाखवायला लागतो. शेवटी असेल तर आधी फाइलचं शेपूट मागवावं लागतं, आणि तशी सोय नसेल तर सगळी फाइल उतरेपर्यंत थांबावं लागतं. एफएफएमपेगमध्ये या सोयीला 'फास्टस्टार्ट' म्हणतात.

जपायची प्रत मात्रोस्कामध्ये, म्हणजे एमकेव्हीत केली. हा कंटेनर २००२मध्ये सुरू झाला. एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून त्याचं नाव पडलं आहे, आणि २०२४मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने त्याचं मानक आरएफसी ९५५९ म्हणून प्रसिद्ध केलं. रचना खुली, लिखित आणि कुणालाही वाचता येणारी, म्हणून जपणुकीसाठी माझा कल तिकडे. यात वेळ सहसा मिलिसेकंदांत गोल करून लिहितात. २५ फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम बरोबर ४० मिलिसेकंदांची, त्यामुळे चित्राच्या वेळा तंतोतंत राहिल्या. सेकंदाला २९.९७ फ्रेम असत्या तर वेळा किंचित पुढे-मागे गोल झाल्या असत्या, आणि मी मूळ एमपी४ही सोबत ठेवायला सांगितलं असतं.

हाच अपघात दुसऱ्या कंटेनरमध्ये

काम संपल्यावर मी तिला विचार करायला लावलं की याऐवजी दुसरा कंटेनर असता तर काय झालं असतं. कारण पुढचं रेकॉर्डिंग ठरलेलं होतं.

एमपीईजीचा टीएस असता तर बहुधा काहीच झालं नसतं. तो प्रक्षेपणासाठी घडलेला आहे. प्रेक्षक कुठल्याही क्षणी टीव्ही लावतो, म्हणून सगळा प्रवाह १८८ बाइटांच्या पाकिटांत चालतो, प्रत्येक पाकीट ४७ या हेक्स बाइटने सुरू होतं आणि आतली मूळ माहिती पुन्हापुन्हा येत राहते. मध्येच कापला तरी कापलेल्या जागेपर्यंत नीट चालतो.

मात्रोस्काही असाच तगतो. त्यात मूळ माहिती सुरुवातीलाच लिहिलेली असते आणि ऐवज छोट्या छोट्या गटांत येतो. प्रत्येक गटावर त्याची वेळ, प्रत्येक तुकड्यावर त्याची लांबी. शेवटी फक्त उड्या मारण्यासाठीची सूची लिहायची राहते, आणि ती पुन्हा बनवता येते. ओबीएस स्टुडिओ हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरणारे अनुभवी लोक एमकेव्हीत रेकॉर्ड करून मग एमपी४त रीमक्स करतात ते याचसाठी, आणि ती रीमक्सची सोय त्या सॉफ्टवेअरमध्येच दिलेली आहे.

मायक्रोसॉफ्टचा १९९२चा एव्हीआय एमपी४हून जुना आणि अनेक बाबतींत अडाणी. त्याचीही सूची शेवटी असते. पण त्यात प्रत्येक तुकड्यापुढे त्याची चार अक्षरी खूण आणि लांबी लिहिलेली असते. त्यामुळे सूची गेली तरी फाइल पहिल्यापासून वाचत जाऊन नवी सूची बांधता येते. या एका बाबतीत म्हातारा नव्यापेक्षा शहाणा निघाला.

एमपी४लाही हे जमतं. त्याचा एक प्रकार आहे, फ्रॅगमेंटेड. त्यात सुरुवातीला छोटी मूव्ह येते आणि पुढे दर काही सेकंदांनी त्या त्या तुकड्यांपुरती लहान अनुक्रमणिका लिहिली जाते. वीज गेली तर शेवटचा तुकडा जातो, बाकी सगळं वाचतं. इंटरनेटवरच्या व्हिडिओ-प्रवाहात हा प्रकार रोज वापरला जातो. तास तास चालणारं रेकॉर्डिंग करणाऱ्या कॅमेऱ्यांत तो सर्रास नसावा याची मला खंत वाटते, कारण किंमत असते ती थोड्या जास्तीच्या बाइटांची, आणि वाचतं ते असं काहीतरी, जे पुन्हा घडवता येत नाही.

तिच्या कॅमेऱ्यात कंटेनर बदलायची सोय नव्हती. तेव्हा दोन गोष्टी ठरवल्या. ॲडॉप्टर लावला तरी आत भरलेली बॅटरी ठेवायची, आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी पाणी प्यायच्या निमित्ताने रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू करायचं. दर थांब्याला एक मूव्ह लिहिली जाते. मुलाखतीच्या ओघात खंड पडतो हे खरं, पण मावशीआजींना त्या विसाव्याची गरजही होती. चाचणीचा तुकडा यापुढे पुसायचा नाही, तो मुख्य रेकॉर्डिंगशेजारी ठेवायचा, हे तिने आपणहून ठरवलं.

वाचलेली फाइल २ तास ११ मिनिटं ५६ सेकंदांची आहे. शेवटचे चार सेकंद मिळाले नाहीत. ते कॅमेऱ्याच्या स्मृतीतच होते, कार्डावर उतरलेच नव्हते, त्यामुळे कुठल्याही साधनाला ते सापडणार नव्हते. मावशीआजी तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाबद्दल एक वाक्य बोलत होत्या आणि चित्र त्या वाक्याच्या मध्यावर थांबतं. ते वाक्य मैत्रिणीला आठवत होतं. तिने ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं, मावशीआजींना वाचून दाखवलं, आणि त्या कागदाचा फोटो काढून तो दोन्ही प्रतींच्या फोल्डरमध्ये फाइलशेजारी ठेवला आहे.